पाठ भिंतीला, नजर समोर

डॉ. इंदुमती खराडे यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी मला आधी बसायला सांगितलं आणि मी खुर्चीला टेकतो न टेकतो तोच उठायला सांगितलं. मी कोरेगावहून सांगलीला, विश्रामबागेतल्या त्यांच्या दवाखान्यात साहाय्यक डॉक्टर म्हणून नोकरी मागायला गेलो होतो. प्रमाणपत्रांची फाईल पोटाशी धरलेली, पायांत नवे बूट. "हात न टेकता उठा," त्या म्हणाल्या. मी उठलो. "छान. मांड्यांत जोर आहे. उद्यापासून या." फाईल त्यांनी उघडलीसुद्धा नाही. मुलाखतीत काय काय विचारलं, असं घरी विचारल्यावर मी घडलं ते सांगितलं. वडील म्हणाले, "डाक्टरीण हाय का तालमीतला वस्ताद?"

महिन्याभरात मला त्या मुलाखतीचा उलगडा झाला. थायरॉइड वाढलेलं असो, शरीरात स्टेरॉइड जास्त झालेलं असो की ड जीवनसत्त्व घटलेलं असो, माणसाच्या आधी त्याच्या मांड्या हात टेकतात. जमिनीवरून उठताना तो पहिल्यांदा गुडघ्यावर हात ठेवतो, मग दाराच्या चौकटीला धरतो, मग सुनेला हाक मारतो, आणि दर पायरीला घरातले म्हणतात की आता वय झालं. मॅडमना हे वाक्य अजिबात खपत नाही. वय झालं म्हणणाऱ्या नातेवाइकाला त्या पेशंटच्या आधी उठाबशा काढायला लावतात. त्यात एकदा एक निवृत्त प्राचार्य अडकून बसले होते, त्यांना उठवायला मला आणि परिचारिकेला दोन्हीकडून धरावं लागलं. पुढे ते स्वतःच मॅडमचे पेशंट झाले.

मॅडम हार्मोन्सच्या तज्ज्ञ. पण आमच्या दोन जिल्ह्यांत त्यांना 'हाडाच्या बाई' म्हणतात. त्यामुळे हात मोडलेल्या माणसांना रिक्षावाले बिनदिक्कत त्यांच्या दारात आणून सोडतात आणि मॅडम त्यांना पुढच्या चौकातल्या हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवतात. नाव पडलं त्याला कारण मात्र खरं आहे. हार्मोन बिघडलं की हाडं आतून पोकळ होतात, हे त्यांनी इथल्या लोकांना त्यांच्याच भाषेत सांगितलं. समोरच्याचा धंदा विचारल्याशिवाय त्या कधी काही समजावत नाहीत. ऊसतोडणीच्या टोळीतल्या बाईंना त्या सांगतात की हाड रोज थोडं मोडतं आणि रोज थोडं बांधलं जातं, आणि हार्मोन म्हणजे त्या कामावरचा मुकादम. मुकादम बिघडला की मोडणारे जोरात आणि बांधणारे झाडाखाली. बाई मान डोलावतात, कारण असा मुकादम त्यांनी पाहिलेला असतो.

त्यांच्या दवाखान्याची एक रीत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. पहिल्या भेटीला येताना पेशंटनं आपला जुना फोटो आणायचा. नंबर लावायला फोन केला की तिकडून नाव, गाव आणि "जुना फोटो विसरू नका" एवढंच ऐकू येतं. लग्नातला, शाळेतला, फौजेतला, कुठलाही चालतो. हार्मोनचा आजार चोरपावलांनी येतो. रोज आरशात पाहणाऱ्याला तो दिसत नाही आणि रोज शेजारी जेवणाऱ्यालाही दिसत नाही. मॅडम फोटो पेशंटच्या चेहऱ्याशेजारी धरतात आणि शांतपणे पाहत राहतात. पण लोकांना काय, भिंतीवरची फ्रेमच्या फ्रेम उतरवून एसटीतून घेऊन येतात. बाहेर बाकांवर बसलेली मंडळी एकमेकांचे लग्नाचे फोटो बघत बसतात, ओळखी निघतात, आणि निदान एक सोयरीक तिथे जमल्याचं मला माहीत आहे.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांत जतच्या बाजूच्या एका मेंढपाळ कुटुंबातल्या बाई आल्या होत्या. अंग वाळलेलं, छातीत धडधड, हाताला कंप. चिंतेनं झालंय, असं घरच्यांचं मत होतं, कारण त्या साली पाऊस नव्हता. मी रक्तदाब घेतला, नाडी मोजली. मॅडमनी त्यांच्या हाताकडे पाहिलं आणि विचारलं, या बांगड्या कधी भरल्या. बाई म्हणाल्या, भावाच्या लग्नात. त्या लग्नात साबण लावून चढवलेल्या बांगड्या आता कोपरापर्यंत सहज सरकत होत्या. थायरॉइड अतोनात वाढलं होतं आणि ते मांसाबरोबर हाडंही झिजवत होतं. उपचार झाले. वर्षानं बाई परत आल्या त्या मॅडमशी भांडत, की आता बांगड्या रुततात, फोडून नव्या भरायला लागल्या, त्याचं काय. मॅडमनी कौतुकानं ते भांडण ऐकून घेतलं आणि नव्या बांगड्या हातात फिरवून पाहिल्या.

त्यांच्या स्वभावात सगळं गोडच आहे असं मात्र नाही. आभार मानलेले त्यांना सहन होत नाहीत, आभार ऐकू आले की त्या पुढच्या पेशंटला हाक मारतात. दिवाळीत त्या आम्हा सगळ्यांना स्वतः भाजलेली नाचणीची बिस्किटं देतात, जी वासरालाही दोनदा विचार करायला लावतील. पण मी कोरेगावात स्वतःचा दवाखाना काढला तेव्हा उद्घाटनाला त्या आल्या, आणि बाकीचे भिंतीवरची घड्याळं घेऊन आले असताना त्यांनी आणली उंची मोजायची पट्टी. फीत कापायच्या आधी हातोडी मागून घेतली आणि पट्टी स्वतः भिंतीवर ठोकली. पहिला पेशंट म्हणून मलाच उभं केलं. "टाचा भिंतीला. पाठ भिंतीला. नजर समोर." मग मला म्हणाल्या, "वजन सगळेच करतात. मोठ्या माणसाची उंची कुणी मोजत नाही. तू मोज." माझ्याकडे आलेली घड्याळं एकेक करून बंद पडली, पट्टी अजून आहे.

त्याच पट्टीखाली एके दिवशी सुभेदार तात्या उभे राहिले. हे जवळच्या गावचे निवृत्त सुभेदार. फौजेतून आल्यावर त्यांनी एकच काम धरलं होतं. भल्या सकाळी हायस्कूलच्या मैदानावर भरतीची तयारी करणारी गावातली पोरं-पोरी जमायची आणि तात्या शिट्टी घालून त्यांच्या पुढे पळायचे. गावातली कितीतरी घरं त्या मैदानामुळे नोकरीला लागली. मग तात्यांचे गुडघे धरले. बाजाराच्या दिवशी मोटारसायकलवर येणाऱ्या एका औषधवाल्यानं त्यांना पुड्या दिल्या, आणि तात्यांच्या शब्दांत, गुडघं लोण्यावानी झालं. तात्या पुन्हा पळू लागले. चेहरा गोल झाला, गालांवर लाली आली, पोट पुढे आलं. आमच्याकडे अंग भरणं म्हणजे तब्येत. तात्यांना पेन्शन मानवली, असं सगळं गाव म्हणू लागलं, आणि त्यांच्या पत्नी शालनकाकींनी अभिमानानं त्यांचे सदरे उसवून मोठे केले.

तात्या माझ्याकडे आले ते खोकताना बरगडीत कळ येते म्हणून. क्ष-किरणात दोन बरगड्या मोडलेल्या दिसल्या, नुसत्या खोकल्यानं. मी त्यांना पट्टीखाली उभं केलं आणि फौजेत उंची किती लिहिली होती ते विचारलं. आकडा जुळेना, तात्या चांगलेच खुजे झाले होते. हे मी सांगितल्यावर त्यांना राग आला. फौज उंची चुकीची मोजत न्हाई, म्हणाले. मग काय झालं असेल, मी विचारलं. पट्टी चुकली आसंल, म्हणाले. मी त्यांचा फौजेतला फोटो आणि त्या दिवशीचा फोटो असे दोन्ही मॅडमना मोबाइलवर पाठवले. लगेच उत्तर आलं, की कसली पुडी घेतात ते विचार, एकदम बंद करू नकोस, घेऊन ये.

सांगलीला मॅडमनी तात्यांना आपल्या दवाखान्यातल्या पट्टीखाली उभं केलं आणि नखशिखान्त तपासलं. पुडीत स्टेरॉइड होतं. पोटावर जांभळे चरे उठले होते, कातडी कागदासारखी झाली होती, मांड्या हातांएवढ्या राहिल्या होत्या, आणि तपासणीत पाठीचे दोन मणके दबलेले निघाले. वजन मात्र निवृत्तीच्या दिवसापेक्षा थोडंच जास्त होतं, आणि तात्यांना त्याचाच मोठा आधार वाटत होता. मॅडमनी त्यांना पोत्याचं उदाहरण दिलं. पोत्याचं वजन तेवढंच भरतंय, पण आतला दाणा गेला आणि कोंडा वाढला. हाड गेलं, मांस गेलं, त्यांच्या जागी चरबी आली. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"मैदानावर परत कवा?"

"गेलेली उंची परत येणार नाही," मॅडम म्हणाल्या. "मैदान परत मिळेल. पण मी सांगेन तसं, आणि मी सांगेन तेव्हा."

पुड्यांच्या जागी त्यांनी मोजून गोळ्या दिल्या. त्या हळूहळू कमी करायच्या, मनानं एकही चुकवायची नाही, असं दोनदा बजावलं. तात्या प्रत्येक वाक्याला 'जी' म्हणत होते. घोळ घरी गेल्यावर झाला. गावातल्या कुणीतरी गोळीचं नाव वाचून सांगितलं की ही तर पुडीतलीच भानगड आहे. आता तात्या पडले फौजी. शत्रू ओळखला की त्याला अर्धा ठेवायची त्यांना सवय नाही. उरलेल्या पुड्या आणि सगळ्या गोळ्या त्यांनी एका पिशवीत भरल्या आणि कॅनॉलमध्ये सोडून दिल्या. काकींना वाटलं, एवढ्या निश्चयानं टाकतायत म्हणजे मॅडमनीच सांगितलं असणार.

दोन-तीन दिवसांत तात्यांना उलट्या सुरू झाल्या. तरी ते सकाळी मैदानावर खुर्ची टाकून पोरांना बघायला गेले आणि खुर्चीतच कोसळले. पोरांनी त्यांना उचलून जीपमधून माझ्याकडे आणलं. रक्तदाब लागतच नव्हता. मी मॅडमना फोन लावला. मी सांगायला सुरुवात केली तोच त्या म्हणाल्या, आधी हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन शिरेतून दे, सलाईन जोरात सोड, बाकी मागाहून बोल. फोन चालू ठेवून मी ते केलं. त्या पलीकडून मधूनमधून नाडी विचारत होत्या. बाहेर पायरीवर ती सगळी पोरं-पोरी बसली होती. शेवटी तात्यांनी डोळे उघडले. त्यांना त्या अवस्थेत जाताना पाहिलं असतं तर मला पुन्हा त्या मैदानाकडे बघवलं नसतं.

दुपारी मॅडम स्वतः आल्या. सांगलीचा दवाखाना त्यांनी त्या दिवशी बंद ठेवला, जे मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. काकी पदर डोळ्यांना लावून उभ्या होत्या. आता तात्यांची खरडपट्टी निघणार असं मला वाटलं. मॅडम खाटेच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "सुभेदार, चौकीवरचा पहारेकरी झोपलाय. त्याच्या जागी बदली माणूस उभा आहे. हा बदलीवाला तुम्हाला पसंत नाही. काय कराल?"

तात्यांनी पडल्या पडल्या विचार केला. "पयला जागा हुईस्तवर बदलीवाल्याला हलवायचं न्हाई."

"मग तुम्ही काय केलंत?"

"चौकी मोकळी सोडली," ते म्हणाले.

मग मॅडमनी त्यांना नीट सांगितलं. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी असते. शरीराला लागणारं स्टेरॉइड ती स्वतः बनवते. बाहेरून आयतं मिळायला लागलं की ती झोपी जाते आणि तिला जाग यायला महिनोनमहिने लागतात. तोवर गोळी हाच पहारा. गोळ्या कधी किती कमी करायच्या हे त्यांनी काकींच्या ताब्यात दिलं आणि तात्यांना सांगितलं की यापुढे तुमच्या कमांडिंग ऑफिसर या. काकींचे अश्रू तिथेच थांबले. त्यानंतर त्या घरात एकही गोळी चुकली नाही.

पुढचं वर्ष-दीड वर्ष कष्टाचं गेलं. हाडांसाठी वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं इंजेक्शन, दूध, अंडी, कोवळं ऊन, आणि रोज भिंतीशी उभं राहून व्यायाम. खुर्चीतून उठायचं, बसायचं, उठायचं. तात्यांच्या चेहऱ्यावरची सूज उतरू लागली, पोट आत गेलं आणि गावानं आता नवीनच टूम काढली, की तात्या लय वाळले. लोक घरी येऊन हळू आवाजात चौकशी करू लागले. काकी एकदा माझ्याकडे येऊन वैतागून म्हणाल्या, "आजारी हुते तवा गाव म्हनायचं तब्येत झाली. आता बरं व्हाया लागले तर भेटाया येत्यात." मी हे मॅडमना सांगितलं तेव्हा त्या फोनवर इतक्या हसल्या की बाहेरचे पेशंट डोकावून गेले असणार.

आणि मग ती सकाळ आली. मॅडमनी परवानगी दिली होती आणि तात्यांच्या हट्टावरून मी मैदानावर हजर होतो. पोरं-पोरी रांगेत बसली होती. तात्याही त्यांच्यासमोर मातीत मांडी घालून बसले. काकी चौथऱ्याजवळ उभ्या होत्या, त्यांनी माझी बाही घट्ट धरली होती. तात्यांनी मांडी मोडली, एक पाय पुढे घेतला आणि हात न टेकता उठून ताठ उभे राहिले. ताठ म्हणजे मणके दबलेल्या माणसाला जेवढं राहता येईल तेवढं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तात्यांनी शिट्टी तोंडात घातली आणि न सांगता टाळ्या वाजवल्या म्हणून सगळ्यांना मैदानाची एक फेरी जास्त मारायला लावली. ते आता पळत नाहीत, पण मैदान त्यांचंच आहे.

मॅडमच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी समितीनं मॅडमकडे त्यांचा तरुणपणीचा एक फोटो मागितला. दुसऱ्यांचे फोटो मागण्यात आयुष्य गेलेल्या बाईंना स्वतःचा सापडेना. शेवटी एका जुन्या ट्रंकेत निघाला. वैद्यकीय महाविद्यालयाचा व्हरांडा, पांढरा कोट, दोन वेण्या, आणि कुणाला तरी आव्हान दिल्यासारख्या सरळ उभ्या असलेल्या इंदुमती खराडे. फोटो टेबलावर होता आणि त्याच दिवशी तात्या वर्षाच्या तपासणीला आले होते. मीही त्यांच्यासोबत होतो. मॅडम खाली मान घालून औषधं लिहीत होत्या. तात्यांनी फोटो पाहिला, मॅडमकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. मग ते उठले, अर्थात हात न टेकता.

"मॅडम, रागवू नगा. जरा भिंतीला लागून हुबं ऱ्हावा."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. त्या खोलीत त्यांना कुणी असं काही सांगितल्याचं मला आठवत नाही. कशाला, त्यांनी विचारलं.

"फोटोतल्या बाई ताठ हायत्या. तुमी वाकलाय."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. चपला काढल्या. दवाखान्यातल्या त्यांच्या पट्टीखाली जाऊन उभ्या राहिल्या. "पाठ भिंतीला," तात्या अगदी हळू म्हणाले, "नजर समोर." पट्टीची सरकती फळी मी खाली आणली आणि आकडा वाचला. त्यांच्या जुन्या पासपोर्टवर लिहिलेल्या उंचीपेक्षा तो कमी होता. मॅडम म्हणाल्या, पट्टी चुकली असेल. तात्या म्हणाले, तीच पट्टी मला बरुबर हुती. यावर मॅडम आधी रागावल्यासारख्या दिसल्या आणि मग त्यांना हसू आवरेना. हसता हसता त्या पेशंटच्या खुर्चीत बसल्या.

साऱ्या जिल्ह्याची हाडं तपासणाऱ्या मॅडमनी स्वतःची कधी तपासली नव्हती. पाळी थांबल्यावर बाईचं हाड भराभर झिजतं, हे त्यांनी हजारो जणींना सांगितलं होतं आणि सांगता सांगता ती वर्षं त्यांच्याही अंगावरून निघून गेली. तपासणीत हाडं विरळ निघाली आणि एक मणका किंचित दबलेला. वेळ मात्र गेलेली नाही. त्यांना तेच वर्षातून एकदाचं इंजेक्शन सुरू झालं, आणि ते घेताना पेशंट म्हणून त्या फारशा शहाण्यासारख्या वागल्या नाहीत, हे परिचारिकेकडून कळलं. तात्या आता रोज सकाळी मैदानावरून फोन करून व्यायाम झाला का विचारतात. भल्याभल्यांचे फोन न घेणाऱ्या मॅडम तो फोन पहिल्या घंटेला उचलतात. हे सगळं लिहायची परवानगी दोघांनीही दिली. मॅडमची अट एवढीच, की हे वाचणाऱ्यानं आज आपली आणि आपल्या घरातल्यांची उंची मोजावी.

मॅडम, साठीच्या माणसाला शंभर वर्षं आयुष्य लाभो असं म्हणायची रीत आहे आणि ते आम्ही मनापासून म्हणतो. तुम्ही आम्हाला नुसत्या आकड्यावर समाधान मानायला शिकवलं नाही, म्हणून आणखी मागतो. शंभरीच्या दिवशी सत्काराला नाव पुकारल्यावर तुम्ही खुर्चीतून हात न टेकता उठा, आमच्या हातून नारळ घ्या, आणि आमच्यातला कोण वाकलाय ते सर्वांदेखत सांगा. मी हा लेख लिहायला घेतला तेव्हा तात्यांना विचारलं होतं की तुमच्याकडून काय लिहू. त्यांचा निरोप आहे तसा देतो.

"मॅडमना म्हनावं, चौकी मोकळी सोडायची न्हाई. तुमच्या जागी हुबा करायला आमच्याकडं बदली मानूस न्हाई."